लाइट गेल्यावर लागलेला साउंड

मदरबोर्डवरच्या साउंडसाठी आठवडाभर मला सल्ले देणाऱ्या मंडळींनो, साउंड आज दुपारी लागला.

दुबईहून दादाने त्याच्या तान्ह्या मुलीच्या हसण्याचं रेकॉर्डिंग मेल केलंय. आईने नातीला अजून पाहिलेलं नाही. माझ्या कॉम्प्युटरवर फक्त लिनक्स, आणि तो मुका.

तुम्ही सांगितलंत तसा आवाज कमी-जास्त करायचा मिक्सर उघडला. मास्टर खरंच म्यूट होता. म्यूट काढून फाइल लावली. काही नाही. ड्रायव्हर काढून परत टाकला, पुन्हा लावली. काही नाही. आई शेजारी मेथी निवडत बसली होती. मदरबोर्डच गेला असं मी ठरवलं, आणि फाइल रिपीटवर तशीच ठेवून साउंड कार्ड आणायला शर्ट चढवला.

तेवढ्यात लाइट गेली. कॉम्प्युटर आणि स्पीकर यूपीएसवर चालू राहिले, पण भिंतीपलीकडच्या कारखान्यातले लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, एकदम थांबले. तो खडखडाट लहानपणापासून इतका कानात बसलाय, की तो आहे हेच मी विसरलो होतो. त्या शांततेत स्पीकरमधून बारीकसं हसू आलं. मिक्सरमध्ये मास्टरशेजारची आवाजाची दुसरी, पीसीएमची पट्टी अगदी खाली राहिली होती, एवढंच.

“आई, ऐक, हसतेय!” मी ओरडलो.

“मगासपासून हसतेय ती,” आई मेथीतून मान वर न करता म्हणाली. “मला वाटलं, तुला आवडलंय म्हणून परत परत लावतोयस.”

इथे आणखी कोणी लूमशेजारी राहतं का? ड्रायव्हर बदलण्याआधी घरात एकदा विचारून घ्या.