दगडावरची दोन फुलं

आळे गावातले आमचे शेजारी भाऊ प्रत्येक वाक्य ‘तसं बघितलं तर’ने सुरू करतात आणि पुढच्याच वाक्यात उलटं बघतात. पुणे-नाशिक रेल्वेच्या मोजणीवाल्यांनी त्यांच्या कांद्याच्या वावरात दगड रोवला. पुढे मार्ग बदलल्याचं पेपरात आलं. दगड उपटायला कोणी आलं नाही. यंदा खंडेनवमीला खुरपी आणि मोटार पुजून झाल्यावर त्यांनी त्या दगडावरही झेंडूची दोन फुलं ठेवली.

“भाऊ, रेल्वे यावी की नको?” मी विचारलं.

“तसं बघितलं तर लेक नाशकात दिलीय, यावी. तसं बघितलं तर वावर एवढंच हाय, त्येच जाईल. नको.”

“मग फुलं कशाला?”

“दोन हायेत की. एक यावी म्हनून, एक नको म्हनून.”

तेवढ्यात एक फूल वाऱ्याने पडलं. कुठलं, ते आम्हा दोघांनाही सांगता येईना.