रबरी तळाचे बूट

जव्हारच्या राजवाड्यामागे स्क्वॉशचं कोर्ट बांधलं, तेव्हा तिथला मार्कर मी. गुण पुकारायचे, पाहुण्यांशी खेळायचं आणि बेताने हरायचं, हे माझं काम. भिंतींना चुना लावायला वर डोंगरातल्या सूर्यमाळचा एक गडी आला होता. त्याच्या हातात रॅकेट पहिल्यांदा मीच दिली. वर्षभरात तो मला हरवू लागला. पुढे मुंबईच्या एका क्लबाने त्याला नेलं आणि तिथल्या मार्करांत त्याला हरवणारा कुणी उरला नाही. लोक माझी पाठ थोपटत. मला ते सोसत नसे. हे आज पहिल्यांदाच लिहितो आहे.

एका पावसाळ्यात तो जव्हारला एका गोऱ्या पाहुण्याशी खेळायला आला. जिंकला तर साहेब त्याला विलायतेत सामन्यांना नेणार होता. पायांत रबरी तळाचे पांढरे बूट.

"मुंबईत पायांना पण घर मिळालं वाटतं!" पट्टेवाला म्हणाला.

"भाड्याचं हाय," तो हसला.

राजेसाहेबांपुढे नोकरमाणूस पायताण घालत नसे. कोर्टात काय करायचं, हे मात्र कुणी ठरवलंच नव्हतं. माझ्याकडे बूट होते कुठे? राजेसाहेब पन्नास पावलांवर चहा घेत होते. विचारता आलं असतं.

"दादा, काढू का?" त्याने मलाच विचारलं.

"हुकूम आहे," मी म्हणालो.

हुकूम नव्हता.

पावसाळ्यात त्या फरशीला ओल सुटायची. मला ते पक्कं ठाऊक होतं. पहिले दोन गेम त्याने घेतले. तिसऱ्यात पुढच्या भिंतीकडे झेपावला, पाय सरकला, आणि गुडघ्याचा आवाज मला वर सज्जात ऐकू आला. मी साहेबाचा गुण पुकारला.

"हा अनवाणी का?" राजेसाहेबांनी विचारलं.

"त्याची मर्जी, सरकार," मी म्हणालो.

क्लबाने दुसरा मार्कर ठेवला. हा मोडका गुडघा घेऊन सूर्यमाळला परतला. पाय अजून वाकत नाही. नाचणीच्या उतारावर त्याला उभं राहता येत नाही, उन्हाळ्यात दूरच्या झऱ्यावरून पाणी बायकोच आणते.

गेल्या वैशाखात सगळं सांगून टाकायचं ठरवून मी वर गेलो. इतकी वर्षं माझ्याकडेच राहिलेले बूट सोबत घेतले. त्याने घोंगडी अंथरली आणि शेजारच्या म्हाताऱ्याला माझी ओळख करून दिली, "ह्ये दादा. ह्यांनीच मला खेळ शिकवला. बूट काढायला लावलं ती दरबाराची रीत, दादा तरी काय करतील?"

मी भाकर खाल्ली, पाणी मात्र मागितलं नाही. उन्हं कलल्यावर उतरलो. बूट पिशवीतच राहिले.