तिसऱ्या गोलकीपरचा पालक

“माझा अजून बसलाय.”

दादांच्या तोंडून हे वाक्य तुम्ही ऐकलं असतं, तर तुमचाही गैरसमज झाला असता. आधी दोन्ही तळहात एकमेकांवर चोळायचे, मान किंचित खाली घालायची आणि मग हे वाक्य. भांडुपच्या आमच्या बिल्डिंगमध्ये नव्याने राहायला आलेल्या एका वहिनींनी ते जिन्यात ऐकलं आणि त्यांना कळवळा आला. दुसऱ्याच दिवशी त्या दादांना गाठून म्हणाल्या, “माझ्या भावाच्या ओळखीने सिक्युरिटीत लागेल हो तुमचा मुलगा. उंची आहे ना?”

“उंची झकास आहे,” दादा गंभीरपणे म्हणाले, “पण पुढचा माणूस हलत नाही, तोवर याला कोण उभा करणार?”

वहिनी भावाशी बोलते म्हणाल्या. आता त्यांना कसं सांगायचं, की दादांना मुलगाच नाही! एक मुलगी, ती नोकरीला. बसलेला होता तो भारताच्या फुटबॉल संघाचा तिसरा गोलकीपर.

हे प्रकरण सावंतांच्या झेरॉक्सच्या दुकानातलं. सावंत मूळचे मालवणचे. मशीनच्या वर त्यांनी भिंतीला एक छोटा टीव्ही लावला होता आणि भारताची मॅच असली की गिऱ्हाइकाची पानं उलटसुलट निघायची. मी शाळेत मराठी शिकवते. एकदा चाचणीच्या प्रश्नपत्रिका काढायला गेले आणि तिथे चाललेला वाद ऐकून मला राहवलं नाही. मधल्या फळीतल्या एका पोराला तिथे जमलेले सगळे उगाच शिव्या देत होते. मी मध्ये तोंड घातलं. दादा माझ्याकडे वळून म्हणाले, “मॅडम, आधी एक पोरगा घ्या, मग बोला.”

‘पोरगा घेणे’ ही त्यांची पद्धत होती. भारताचा संघ जाहीर झाला की प्रत्येकाने त्यातला एक नवखा खेळाडू आपला म्हणून घ्यायचा. कोण पुढे येणार, कोण नुसताच पेपरात चमकणार, यावर मग सीझनभर भांडायचं. घेतलेला पोरगा सोडायचा नाही, खराब खेळला तरी आपणच त्याच्या बाजूने बोलायचं. मला तर ती आमच्या शाळेतली पालकसभाच वाटायची. सावंत नेहमी गोल मारणारा पोरगा घ्यायचे. आमच्यातला पीटर जुन्या गावठाणातला, शाळेच्या लॅबमध्ये कामाला. तो डिफेंडर घ्यायचा आणि त्याचीही निंदाच करायचा. कुणाला पूर्ण चांगलं म्हणणं पीटरच्या जिभेला झेपत नसे.

आणि दादा? दादांनी कायम राखीव गोलकीपर घेतला. राखीवातलाही शेवटचा.

त्यांच्यासोबत मॅच बघणं हा एक वेगळाच अनुभव होता. आमचं लक्ष बॉलकडे, यांचं बाकावर. कॅमेरा क्षणभर राखीव खेळाडूंवरून फिरला की दादा स्टुलावरून अर्धे उठायचे. “बघा, बघा! ग्लोव्हज घातलेत!” कधी म्हणायचे, “आज चेहरा उतरलाय. रात्री झोपला नाही वाटतं.” एकदा त्या पोराने दमून आलेल्या खेळाडूला पाण्याची बाटली दिली, तर दादांनी आम्हाला दहा वेळा ऐकवलं, की झाकण उघडून दिली, बघितलंत का, झाकण उघडून!

“अरे दादा, पण ह्याच्यावर आम्ही वाद काय घालूचो?” सावंत वैतागायचे. “ह्यो खेळतलो तेव्हा ना!”

दादा हसायचे. पण मला एकदा त्यांनी नीट सांगितलं. त्यांची अडचण साधी होती. “तुमच्या पोराला दहा जागा आहेत, मॅडम. इकडे नाही तर तिकडे खेळवतील. गोलकीपरला एकच. पहिल्याचं काहीतरी वाईट झाल्याशिवाय माझ्याचं भलं होत नाही. आता मी काय मागू सांगा? पहिल्याचे गुडघे सलामत राहू देत, आणि माझ्यालाही एक मॅच मिळू दे. दोन्ही कसं जमणार?”

तुम्ही काय सांगितलं असतं?

दादा स्वतः मुलुंडच्या एका कारखान्यात होते. घरचे विदर्भातून आलेले, चाळीतल्या एका खोलीत वाढलेले. कारखान्याची फुटबॉल टीम होती आणि दादा तिचे राखीव गोलकीपर. पहिला गोलकीपर त्यांचाच मित्र, एकाच डब्यात जेवणारा. त्या गड्याला कधी काही झालं नाही. एकदा त्याला ताप भरला, दादांनी ग्लोव्हज चढवले, तर हा तापातच मैदानावर हजर. “बुटाची लेस मीच बांधली त्याची,” दादा सांगायचे. “वाकता येत नव्हतं बिचाऱ्याला.” कारखाना बंद पडला, टीम गेली. दादा मैदानात उतरले ते फक्त टीमच्या फोटोसाठी. हे सांगताना त्यांचा आवाज जराही कडू होत नसे. त्यामुळेच ऐकणाऱ्याला जास्त लागायचं.

मागच्या वर्षी त्यांची फुप्फुसं हळूहळू निकामी होऊ लागली. झेरॉक्सच्या दुकानापर्यंत यायला ते वाटेत बसत बसत यायचे. मग यायचेच बंद झाले. मुलुंडच्या हॉस्पिटलात ठेवलं, तेव्हा डॉक्टरांनी मुलीला स्पष्ट सांगितलं होतं, की आता घरी नेण्याची घाई करू नका. तिने ते आम्हाला सांगितलं. दादांना कुणी सांगितलं नाही, पण त्यांना कळत होतं.

त्याच आठवड्यात भारताची एक मैत्रीची मॅच होती. नव्या पोरांना संधी देणार, असं पेपरात आलं होतं. दादा ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून म्हणाले, “या वेळी उतरवतील. मैत्रीची मॅच आहे, कुणाला काही व्हायची गरज नाही.” एवढं बोलून त्यांना धाप लागली.

मॅचच्या संध्याकाळी ते गुंगीत होते. आम्ही तिघं दुकानात बसलो. कोचने एकामागून एक पोरं उतरवली. सावंतांचा उतरला, पीटरचा उतरला, माझा तर सुरुवातीपासून होता. बाकावर तो एकटा उंच पोरगा गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिला. शिट्टी वाजली. सावंतांनी टीव्ही बंद केला आणि म्हणाले, “आता काय सांगूचा दादाक?”

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला आम्ही निघालो. रिक्षात आमचं ठरलं, की उतरला म्हणून सांगायचं. दुसऱ्या हाफमध्ये उतरला, गोल खाल्ला नाही. एवढंच. एवढ्यावर गप्प बसलो असतो तर ती आम्ही माणसं कसली!

सावंतांनी बातमी सांगितली. दादांचे डोळे चमकले. आणि पीटर, सवयीने, म्हणाला, “पण बाजूने आलेल्या एका क्रॉसला लेट निघाला हां.”

सावंत भडकले. “लेट? तू काय डोळे मिटून मॅच बघतंस काय रे?”

“अरे यार, बॉल डोक्यावरून गेला त्याच्या!”

“गेला नाय, सोडल्यान! बाहेर जातलो म्हणून सोडल्यान!”

कधी झालाच नव्हता असा तो क्रॉस, आणि हे दोघे त्यावर हमरीतुमरीवर आलेले. मी डोळ्यांनी दटावत होते. पण पीटर जेव्हा म्हणाला, की मधल्या फळीने आधीच बॉल अडवायला हवा होता, तेव्हा मलाही राहवलं नाही. मीही माझ्या पोराची बाजू घेऊन तावातावाने बोलू लागले. शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला.

दादांनी मास्क जरासा उचलला. “ग्लोव्हज कुठल्या रंगाचे होते?”

“हिरवे,” सावंत म्हणाले. “काळे,” पीटर म्हणाला. “पांढरे,” मी म्हणाले. एकाच वेळी.

मी उगाच पदर सारखा करू लागले.

“मध्येच बदलले असतील,” दादा म्हणाले. “ओले होतात.”

मग ते माझ्याकडे वळले. “मॅडम, घाबरला होता का तो?”

“नाही, दादा.”

“थोडं घाबरायला हवं. पहिली मॅच आहे.” आणि ते तळहात एकमेकांवर चोळू लागले. एका हाताला सुई टोचलेली होती, म्हणून सिस्टरने तो हात धरून खाली ठेवला आणि आम्हाला बाहेर काढलं.

दोन दिवसांनी दादा गेले.

जलदानविधीला आम्ही तिघं त्यांच्या घरी होतो. बुद्धवंदना झाली, माणसं पांगली. मुलीने आमच्या हातात चहा दिला आणि ती समोर बसली. म्हणाली, “तुम्ही त्या दिवशी आलात ना, त्याच्या आधी सकाळीच मी बाबांना मॅचचं सगळं वाचून दाखवलं होतं. कोण कोण उतरलं तेही. त्यांनी दोनदा वाचायला लावलं.”

सावंतांनी कप खाली ठेवला.

“मग त्यांनी आम्हाला थांबवलं का नाही गं?” मी विचारलं.

“मीही तेच विचारलं. त्यांनी नुसता मास्क नीट केला. संध्याकाळी मात्र डोळे मिटून पडले होते ते मध्येच म्हणाले, पीटरचं बरोबर आहे. लेटच निघाला तो.”

पीटर उठून गॅलरीत गेला. त्याची पाठ हलत होती. मीही तिथेच, त्या मुलीसमोर, पदर तोंडाला लावून रडले. रडण्यात मी कुणाला ऐकत नाही.

पुढच्या वेळी संघ जाहीर झाला, तेव्हा कुणी पोरगा घेतला नाही. मॅच मात्र लावली. दुसरा हाफ सुरू झाला आणि पहिला गोलकीपर मैदानात आलाच नाही. त्याला काहीही झालं नव्हतं. नुसती विश्रांती दिली होती. दुसऱ्यालाही उतरवलं नाही. त्या उंच पोराने जर्सी खाली ओढली आणि तो धावत गोलपोस्टकडे गेला. इतकं सोपं होतं ते.

आम्ही तिघं उभे राहिलो आणि मॅच संपेपर्यंत उभेच होतो. एक गिऱ्हाईक आधार कार्डाची झेरॉक्स मागत होतं, त्याला सावंतांनी हातानेच थांबवलं.

शिट्टी वाजली. मग पीटर म्हणाला, “चांगला खेळला.”

सावंतांनी मान हलवली. मीही हलवली. त्यावर आणखी बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.