पोळ्याची हजेरी आणि माझी बी.ए.

मी बी.ए. झालो त्या वर्षी एका खच्चराच्या कुटुंबाला सांत्वनाचं पत्र लिहिलं.

पत्र उत्तम होतं, हे मी आजही कुणासमोर सांगेन. पण ते पत्र म्हणजे माझी लहान चूक. मोठी चूक उमरेडला निघाली.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बाबा सीताबर्डीवर टांगा चालवत. निकाल लागल्यावर पंधरा दिवस त्यांच्या टांग्यातल्या एकाही माणसाला 'माहा पोरगा बी.ए. हाय' हे ऐकल्याशिवाय उतरता आलं नाही. एका बहिऱ्या म्हाताऱ्याला तर त्यांनी दोनदा चक्कर मारून सांगितलं!

टांग्याआधी बाबा पहिल्या महायुद्धात होते. लढाईत म्हणजे बंदूक घेऊन नव्हे. इराकात बसऱ्याकडच्या वाळूत खच्चरांवर पाणी आणि दारूगोळा लादून न्यायचा, हे त्यांचं काम. नागपूर भागातले जे परत आले ते दरवर्षी पोळ्याला जमत. ज्यांनी ओझं वाहिलं त्यांचा हा सण, आम्हीही वाहिलं, असा त्यांचा सरळ हिशेब. पुरणपोळीआधी दाजीबा हवालदार एक जुनी वही उघडून हजेरी घेत. जो होता तो 'हाजिर!' म्हणे. जो गेला त्याच्यासाठी त्याची बायको किंवा मुलगा ओ देई. वहीत खच्चरांचीही नावं होती, आणि खच्चरासाठी त्याला हाकणारा माणूस 'हाजिर!' म्हणे.

हे सगळं मला नंतर कळलं. मी ती हजेरी कधी पाहिली नव्हती. मला लाज वाटे! पोळ्याच्या दिवशी मी अभ्यास म्हणून मित्राकडे जाई. (तिथे पुस्तक उघडलं जात नसे, तो भाग वेगळा.)

त्या उन्हाळ्यात दाजीबा वारले. वही बाबांकडे आली आणि बाबांनी ती माझ्या पुढ्यात ठेवली.

"दाजीबाच्या मागं हा पयला पोळा हाय. यंदा मोडलं तं मंग मोडलंच. कार्डं तू लिही अन् हजेरी बी तूच घे."

मी वही चाळली. "बाबा, इथे माणसं आणि जनावरं एकाच यादीत आहेत." (निकाल लागल्यापासून मी घरात शुद्ध बोलत होतो.)

"हो मंग? तांडा तसाच चालत जाय. एक मानूस, एक खच्चर."

"शोभत नाही ते."

"नाही शोभत तं तू पाय बाबू काय करतं ते. तू शिकलेला हायेस," असं म्हणून ते घोड्याला खरारा करायला गेले.

इथे एक साधी गोष्ट करता आली असती. कोण माणूस आणि कोण खच्चर, हे बाबांना विचारता आलं असतं. पण बी.ए. झालेल्यानं टांगेवाल्याला विचारायचं? मी पुराव्यावरून निष्कर्ष काढायचं ठरवलं. दाजीबांनी प्रत्येक नावापुढे गाव आणि शेरा लिहिला होता. 'सुभानराव, बुटीबोरी. शांत. विश्वासू. कधी तोंड वर केलं नाही. तिकडेच गेला.' हे गृहस्थ उघडच सभ्य होते. पुढच्या पानावर 'मोती, उमरेड. डावा पाय अधू. लाथा मारतो. गुळाशिवाय हलत नाही.'

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं?

मी दोन कोऱ्या पानांवर, ठळक अक्षरांत, दोन याद्या केल्या. 'मनुष्ये' आणि 'जनावरे'. मनुष्यांना कार्डं टाकली. सुभानराव परदेशी वारलेले, म्हणून त्यांच्या घरच्यांना खास लिफाफा: 'कै. सुभानरावांचा शांत, मितभाषी स्वभाव कोण विसरेल? त्यांच्या मुलाबाळांनी त्यांचा कित्ता गिरवावा.' (खच्चराला मुलंबाळं होत नाहीत, हे आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं.)

पोळ्याच्या दुपारी मंडळी जमली. मायनं चुलीवर पुरण घोटून घोटून हात दुखवून घेतला होता. बाबांच्या घोड्याच्या गळ्यात घुंगरमाळ होती. एवढ्यात बुटीबोरीचे झिबलकाका दारातून ओरडतच आले. हातात माझा लिफाफा!

"कुठं हाय तो? कुठं हाय तुहा पोरगा?"

मी पुढे झालो. त्यांनी मला मिठीच मारली.

"सोळा वर्सं झाली गा! माह्या सुभानरावाले असं कोनी लिहिलं नाही! मास्तरानं पारावर वाचून दाखवलं. बाया रडल्या! मुलाबाळांचं आलं तवा तं मी बी रडलो. त्याले नसतेच, पन असते तं त्यायनं कित्ता गिरवलाच असता!"

"असते तर... म्हणजे?" मी विचारलं.

"आरे, खच्चर व्हता न तो! मी हाकत जाओ त्याले, म्हनून वहीत माहं गाव!"

अंगणात हसण्याचा असा कल्लोळ झाला की घोडा बिथरला. मीही हसलो, आपल्याला मुद्दामच विनोद करायचा होता अशा थाटात. तेवढ्यात बाबा फाटकातून आत आले. ते केव्हापासून रस्त्याकडे डोळे लावून उभे होते.

"उमरेडची गाडी तं येऊन गेली. मोती काहून नाही आला?"

मी घाईघाईनं वहीतलं पान काढलं.

"बाबा... मोती म्हणजे ते लाथा मारणारं..."

"झोपेत मारे तो. तंबूत त्याच्या बाजूले कोनी झोपत नोतं. तुले कोनं सांगतलं?"

"अन् गूळ?"

"लय आवडते त्याले. कार्ड टाकलं न त्याले?"

माझी शुद्ध भाषा त्या क्षणी संपली. "नाही टाकलं, बाबा. मले वाटलं खच्चर हाय."

कुणी हसलं नाही. झिबलकाकांनीसुद्धा लिफाफा खिशात घातला. त्या मंडळींत दाजीबांचा एक नियम होता: हुकूम आल्याशिवाय हलायचं नाही. कार्ड म्हणजे हुकूम. कार्ड नाही म्हणजे नाव कमी केलं.

बाबा ओट्यावर बसले. "तिकडं मले ताप भरला व्हता. चालता येत नोतं. मागं राह्यलेला मानूस मेलाच समजा. मोतीनं सुभानरावावरचं ओझं उतरवलं, मले त्याच्यावर बसवलं अन् ते सारं ओझं सोताच्या पाठीवर घेतलं. दोन दिवस. त्याच्यातच त्याचा पाय गेला." त्यांनी वहीकडे बोट केलं. "अन् तू त्याचं नाव कमी केलं."

पुरणपोळ्या झाकून ठेवल्या गेल्या. "मोती नाही तं हजेरी नाही," बाबा म्हणाले. सगळ्यांनी मान हलवली आणि मुक्काम ठोकला. मायनं एवढंच विचारलं, "बी.ए.त काय शिकवतेत रे बापा?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या छोट्या गाडीनं मी उमरेडला गेलो. विणकरांच्या गल्लीत तान्ह्या पोळ्यामुळे (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, मुलांच्या लाकडी बैलांचा सण) सगळे माग बंद होते. एकच माग खडखडत होता, तोही असा रागारागानं की घर विचारावं लागलं नाही. दारात एक बाई तांदूळ निवडत होत्या.

"काकू, मोतीकाका आहेत का?"

"हायेत. दोन दिवसांपासून मागावरून उठले नाहीत." मग आवाज हळू करून, "कार्ड नाही आलं न. पोस्टमनले आठ दिवस रोज इचारलं. साऱ्या गल्लीले ठाऊक झालं. मानसं कुजबुजतेत, काढून टाकला म्हनून."

मी आत गेलो, नाव सांगितलं, पाया पडलो. माग थांबला नाही.

"हुकूम कुठं हाय?"

"काका, चूक माझी आहे. बाबांची नाही."

"हुकूम कुठं हाय?"

माझ्या खिशात कोरं कार्ड होतं. तिथेच मांडी घालून लिहिलं आणि पुढे केलं. त्यांनी ते हातातसुद्धा घेतलं नाही.

"हातचा हुकूम नाही चालत. टपालानं येते तो."

"काका, आज टपाल बंद आहे! अन् गाडी दीड तासात आहे!"

"मंग पुढल्या पोळ्याले येईन."

मी बाहेर धावलो. नशीब, पोस्टमन समोरच्याच घरात राहत होता. नुसत्या बनियनमध्ये बसून पुरणपोळीचा चौथा घास घेत होता. त्याला सगळं सांगितलं. त्यानं हात धुतले, खाकी कोट चढवला, टोपी घातली, पिशवी खांद्याला लावली आणि माझं कार्ड त्या पिशवीत टाकलं. मग तो गल्लीच्या पार टोकापर्यंत गेला, वळला, आणि प्रत्येक दारावरून ओरडत आला, "टपाल! नागपूरचं टपाल! मोतीरामजीच्या नावाचं!"

गल्ली दारांत आली. मोतीकाकांनी त्याला दारात चांगलं दोन मिनिटं उभं ठेवलं (सगळ्यांचं बघून होईस्तोवर), मग लंगडत बाहेर आले, कार्ड घेतलं आणि बायकोला मोठ्यानं म्हणाले, "वं, हुकूम आला! ठेवनीतलं धोतर काढ!"

गाडीत त्यांनी मला विचारलं, "खरं सांग. काहून कमी केलं व्हतं?"

दोन स्टेशनं मी इकडचं तिकडचं सांगितलं. तिसऱ्याला खरं सांगितलं. "मी दोन याद्या केल्या होत्या, काका. तुमचं नाव जनावरांत लिहिलं."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत! पाहतो तर हसताहेत, आणि ठसका लागून डोळ्यांत पाणी.

"बराबर लिहिलं गा तू! दोन दिवस मी खच्चरच व्हतो. तुह्या बापाले इचार. अन् तो सुभानराव मोकळा चालत जाय माह्यापुढं, सायबासारखा! तुह्या बापाले घेऊन!"

दुपारी आमच्या अंगणात रांग लागली.  बाबांनी मोतीकाकांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि शेजारी उभे राहिले. मी माझ्या दोन्ही याद्या फाडल्या आणि दाजीबांच्या वहीतून हजेरी घेतली. एक माणूस, एक खच्चर. दाजीबांच्या नावाला त्यांची विधवा इतक्या खणखणीत 'हाजिर!' म्हणाली, की पुढलं नाव वाचायला मला वेळ लागला.

वही मिटणार, तोच मोतीकाका म्हणाले, "थांब. तुहं नाव लिही आता. हजेरी घेनाऱ्याचं नाव वहीत पायजे."

"लिहितो," मी म्हणालो. 

"अन् शेरा? शेऱ्याबिगर नाव नसते. मी सांगतो, तू लिही."

मी टाक बुडवला. त्यांनी सांगितलं आणि मी माझ्या सुवाच्य अक्षरात स्वतःच्या नावापुढे लिहिलं: 'नागपूर. पाठीवर पुस्तकांचं ओझं पुष्कळ. वाट माहीत नाही. कोणी पुढे चाललं तर मागून बरोबर येतो.'

"आता सांग," मोतीकाकांनी साऱ्या अंगणाला ऐकू जाईल असं विचारलं, "मानूस की खच्चर?"

बाबांनी मान वाकडी करून वहीकडे पाहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी पाहिलं. म्हणाले, "लिहू नको. पुढल्या वर्षी पाहू."

शेऱ्यापुढची ती जागा अजून कोरी आहे.