कोड माझ्याकडे, काका खालच्या मजल्यावर

स्वतःवर विश्वास नसलेला पुणेकर आजवर एकच जन्माला आला आणि तो कसब्यात आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. काकांची सारी नोकरी सरकारी कोषागारात गेली. तिथल्या तिजोरीला दोन कुलपं, आणि किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे. एकट्याने ती उघडायचीच नाही. निवृत्तीनंतर तिजोरी सुटली, सवय सुटली नाही. परदेशातल्या मुलीच्या आग्रहावरून मी त्यांच्या ईमेलला दोन टप्प्यांची सुरक्षा बसवायला गेलो, तेव्हा त्यांनी विचारलं, "पासवर्ड माझ्याकडे. दुसरा माणूस कोण?" मी म्हटलं, "दुसरं कुणी नसतं काका. कोड तुमच्याच मोबाइलवर येतो." चष्म्यावरून माझ्याकडे बघत ते म्हणाले, "दोन्ही किल्ल्या एकाच खिशात? मग एकच कुलूप का लावत नाही आपण?" शेवटी तिथे माझा नंबर घातला गेला. कोड कुणाला सांगायचा नसतो, हे मी तीनदा समजावलं. "म्हणूनच तर तो मी माझ्याकडेही ठेवत नाही," ते शांतपणे म्हणाले.

तेव्हापासून त्यांच्या नातीचे फोटो आले, की हडपसरच्या ऑफिसात माझा मोबाइल वाजायचा. 'या संगणकावर विश्वास ठेवायचा का?' या प्रश्नाला काकांनी कधी होकार दिला नाही. "ओळख असली तरी झडती घ्यायचीच," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे दर वेळी नवा कोड आणि दर वेळी मला फोन. एकदा मी साहेबांसमोर बसून कुजबुजत सहा आकडे सांगितले, तर साहेबांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. शिवाय काकांनी एक वही ठेवली होती. तीत दर रविवारी खाली जाऊन प्रत्येक कोडापुढे मी सही करायची. एका रविवारी मी कंटाळा केला, तर ते धापा टाकत वही घेऊन वर आले. चिडायचो मी, पण काकूंनी केलेल्या पोह्यांमुळे सह्या कधी थकल्या नाहीत.

मग कंपनीने मला दोन वर्षांसाठी परदेशी पाठवायचं ठरवलं. माझा नंबर कंपनीचा. तो बंद होणार, आणि त्याच्याबरोबर काकांची नातही कुलपात जाणार. त्यांनी लगेच नव्या माणसाचा शोध सुरू केला. त्यांचा मेहुणा पहिल्याच घंटीला फोन उचलतो म्हणून बाद झाला. "इतका मोकळा माणूस जबाबदारीचा नसतो." पुतण्या तर मंडईत भाजीची पिशवी विसरून आलेला, त्याचा अर्ज विचारातच घेतला नाही. मी काकूंचं नाव सुचवलं. "एकाच घरात दोन किल्ल्या?" काका म्हणाले. आतून काकूंचा आवाज आला, "चाळीस वर्षं कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे, तेव्हा घरं दोन होती वाटतं?" काकांनी वहीत काकूंचं नाव लिहिलं. काकूंनी एकच अट घातली: नातीचे फोटो आधी त्या बघणार. मग रीतसर चार्ज रिपोर्ट, म्हणजे किल्ली सोपवल्याचा कागद, तयार झाला, त्यावर आम्ही तिघांनी सह्या केल्या, आणि उद्या सकाळी नंबर बदलायचा असं ठरलं.

त्या संध्याकाळी मी बॅगा भरत होतो. मोबाइलवर काकांचा कोड आला. फोन मात्र आला नाही. मी थोडा वेळ वाट पाहिली आणि शेवटी मीच लावला. "काका, कोड आलाय. सांगू?"

"नको. मेल नव्हती बघायची."

"मग?"

 "तू अजून आहेस ना, एवढंच पाहिलं," ते म्हणाले.

 मी ते सहा आकडे सावकाश वाचून दाखवले. काकांनी मला थांबवलं नाही. एकेक आकडा ते माझ्यामागून म्हणत राहिले.