समुद्रापर्यंत नेलेलं गाडगं

माझे वडील तरुणपणी मोसंबीच्या ट्रकवर क्लीनर होते. एकदा ट्रक कोकणात बंद पडला, तेव्हा समुद्राला खेटून असलेल्या महादेवाच्या जुन्या मंदिरात त्यांनी मुक्काम केला. पुढं जन्मभर कुंभार पिंपळगावात शेती केली, पण ते मंदिर काही त्यांच्या मनातून गेलं नाही. "पाणी देवाच्या पायऱ्यांपर्यंत येतं अन् माघारी जातं," म्हणायचे. "मला तिथं सोडा."

शेवटच्या दुखण्यात त्यांनी दादाला अन् मला जवळ बसवून पुन्हा हेच सांगितलं. दादा म्हणाला, "बिलकुल. तुमची लेकच घेऊन जाईल."

सावडलेल्या अस्थी गाडग्यात भरून दादानं मळ्यातल्या लिंबाला टांगल्या. माझी शाळेची नोकरी, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत निघायचं ठरलं. गाडगं घ्यायला गेले तेव्हा त्यानं स्वतः ते उतरवलं, माझ्या हातात दिलं अन् गळ्यात पडून हमसून हमसून रडला. मीच त्याला पाणी दिलं.

मी अन् माझे यजमान एसटीनं निघालो. गाडगं मी मांडीवरून खाली ठेवलं नाही. घाट लागला तेव्हा मनातल्या मनात वडिलांना सांगत होते, आता आलंच.

मंदिर त्यांनी सांगितलं तसंच होतं. खाऱ्या वाऱ्यानं भिंतीवरच्या मूर्तींचे नाक-डोळे पुसट झालेले, गाभाऱ्यात लाटांचा आवाज. पिंडीवर हात ठेवला अन् इथंच कुठंतरी ते झोपले असतील, या विचारानं गलबलून आलं. मग आम्ही खाली खडकांवर गेलो. मी गाडग्याच्या तोंडाला बांधलेलं कापड सोडलं.

यजमान वाकून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "अगं, सावडायला मी होतो. हे ते न्हाई."

आत नुसती राख होती. राखेत कपाशीच्या पऱ्हाटीचे अर्धवट जळालेले तुकडे. आमच्या माहेरच्या चुलीत पऱ्हाट्याच जळतात.

मी तिथूनच दादाला फोन लावला. त्यानं आढेवेढे घेतले नाहीत.

"दहाव्यालाच गोदावरीत सोडून आल्तो. लेकीच्या हातानं अस्थी गेल्या म्हणून पाव्हण्यांनी तोंडात शेण घातलं असतं. गावात मला राहायचंय."

"मंग तसं सांगायचंस."

"तू ऐकलं असतंस का?"

"अन् रडलास कशाला?"

तो म्हणाला, "तुला बरं वाटावं म्हणून."

गोदावरीचं मला वाईट वाटलं नाही. ती काय परकी आहे? पण ज्या माणसाला मी स्वतः पाणी दिलं, तो चुलीतली राख माझ्या हातात देऊन रडत होता, हे काही केल्या गिळवेना.

ती राख देवाच्या पायरीशी टाकवेना. एका माडाच्या बुंध्याशी ओतली, गाडगं तिथंच ठेवलं. यजमान म्हणाले, "चल, पाण्यात तरी उतर." मी घोट्याइतक्या पाण्यात बराच वेळ उभी राहिले.

भाऊबीजेला दादा आला. मी चहा दिला, ओवाळलं नाही. त्यानंही विचारलं नाही.

आता माहेरी जाते तेव्हा आधी गोदावरीवर जाते. नेमकं कुठल्या घाटावर सोडलं, हे त्याला विचारलेलं नाही. त्यानं सांगितलं, तरी माझा विश्वास बसायचा नाही.