त्याच जागेवर

नदीकाठच्या गल्लीत ती लोकांचे कपडे शिवायची. सगळे तिला शिंपीणबाई म्हणत. पुराने तिचं घर दोनदा नेलं. पहिल्या खेपेला सरकारने ते होतं तिथेच बांधून दिलं, आणि नदीनेही ते होतं तिथूनच उचललं. दुसऱ्या खेपेला मात्र तिने कंबर कसली. टेकडीवर भावाची जागा रिकामी होती, भाऊ द्यायला तयार होता. ती थेट कचेरीत साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, घर द्या, पण वर बांधून द्या."

"मदत पडलेल्या घराला असते, बाई. पडलं तिथेच उभारायचं. वर तुमचं काय पडलंय?"

खोलीतली माणसं फिदीफिदी हसली. बरोबर आलेला नवराही हसला. तो बस चालवायचा. आयतं पक्कं घर मिळतंय आणि बायको नाक मुरडतेय, याचाच त्याला राग.

"तुझं आपलं काहीतरीच! स्लॅबचं घर होणारे. पाणी आलं तर गच्चीवर जाऊन बसायचं."

"आणि आईंना कोण नेणार?" सासूबाईंचं डावं अंग लुळं पडलं होतं.

"मी मेलोय का?"

स्लॅबचं घर त्याच जागेवर उभं राहिलं. पुन्हा पाणी आलं ते भर दुपारी. नवरा बस घेऊन परगावी गेलेला. तिने सासूबाईंना काखेत धरून जिन्याकडे ओढत नेलं. म्हातारी अंगाने थोराड. अर्ध्या जिन्यातच सुनेचा दम संपला. पाणी कमरेला आलं, मग छातीला. हाका मारून घसा बसला, पण गल्लीत ज्याला त्याला आपल्या जिवाची पडली होती.

सासूबाई देवमाणूस असत्या तर म्हणाल्या असत्या, जा गं तू. त्या तसं म्हणाल्या नाहीत. "मला टाकून जाऊ नकोस," म्हणत त्यांनी धडधाकट हाताने सुनेचं मनगट आवळलं. पाणी हनुवटीला लागलं तेव्हा सुनेने ती बोटं एकेक करून सोडवली. करंगळी सगळ्यात शेवटी सुटली.

पाणी ओसरल्यावर साहेब आले. भिंतींवर थापा मारून बघितल्या आणि खूश झाले. "कुठे तडासुद्धा नाही!" बरोबरच्यांनी घराचे फोटो काढले. तिने पुन्हा टेकडीचा विषय काढला, तसे म्हणाले, "घर ठणठणीत उभं आहे की! आता कसली मदत?" विकायला काढलं, तर गिऱ्हाईक गल्लीच्या तोंडावरूनच मागे फिरायचं.

नवऱ्याला तिने एवढंच सांगितलं होतं, की आई हातातून निसटल्या. त्याने मान डोलावली. पण हळूहळू तो डेपोतच जेवायला लागला, तिथेच झोपायला लागला. एकदा गणवेशाचा शर्ट घट्ट करून घ्यायला घरी आला. फार वाळला होता. ती मशीनवर बसली, तो दारात उभा राहिला.

"आईने धरलं होतं का गं तुला?"

मशीन थांबलं.

"घट्ट," ती म्हणाली.

तो टीप पुरी होईपर्यंत थांबला, शर्ट अंगात घातला, "बरा बसलाय," म्हणाला आणि गेला. त्यानंतर त्याचे कपडे दुसरा शिंपी शिवू लागला.